दुसऱ्यांचे लेथ निवडणारे अण्णा

अण्णा लाकूड कातायचा कुठलाही लेथ बघायला गेले की आधी चहा मागायचे. विकणाऱ्याला वाटायचं, गिऱ्हाईक मोकळ्या स्वभावाचं आहे, सौदा जमणार; तो लगबगीनं चहा सांगायचा. चहा आला की अण्णा म्हणायचे, "काठोकाठ भर की रं, हात का आखडतोस?" मग ती भरलेली कपबशी लेथच्या डोक्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हां, आता चालू कर." यंत्र घरघरायला लागलं की अण्णा कमरेत वाकून चहाकडे बघत राहायचे. चहा नुसता थरथरला तर ठीक. बशीत सांडला तर आधी बशीतला प्यायचे, मग कपातला प्यायचे, आणि "बघून कळवतो" म्हणत चपला घालायचे. यंत्राला अंग पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हलकं यंत्र नाचतं, आणि त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या नवशिक्याचा हातही नाचायला लागतो. हुबळीच्या जुन्या बाजारातले निम्मे दुकानदार त्यांना ओळखून होते. लांबून अण्णा दिसले की आधीच सांगायचे, "चहा संपला हो अण्णा!"

अण्णा पोस्टात कारकून होते. राहायला धारवाडला, केलगेरीच्या तळ्याच्या बाजूला. दोन खोल्या आणि पुढे पडवी. रविवार उजाडला की धुतलेला पांढरा शर्ट घालून बसनं हुबळीला यायचे. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं दाढीचं जुनं पातं असायचं. लेथला दोन टोकं असतात. डावीकडचं फिरतं, उजवीकडचं पुढेमागे सरकतं, आणि कातायचं लाकूड त्या दोघांच्या मध्ये धरलेलं असतं. अण्णा लाकूड न घालताच ती टोकं एकमेकांना भिडवायचे आणि मध्ये पातं अडकवायचे. पातं सरळ राहिलं तर टोकं समोरासमोर. कललं तर यंत्रात खोट. "नवराबायको थोडी वाकडी असली तरी संसार चालतो गं," ते मला म्हणायचे, "लेथ न्हाई चालत."

सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. आमच्याकडे पाळण्याचे खांब, खाटांचे पाय, लाटणी, ताकाच्या रव्या यांना मागणी भरपूर, आणि हे काम करणारे कातारी मोजके. त्यामुळे ज्याला त्याला वाटायचं, आपणच एक लेथ घ्यावा. पण नवा घ्यायचा तर ऐपत नाही आणि जुना घ्यायचा तर अक्कल नाही, अशी आम्हा सगळ्यांची गत. मग कुणीतरी सांगायचं, केलगेरीच्या अण्णांना विचारा. अण्णा दमडी घेत नसत, बसचं भाडंसुद्धा नाही. मात्र आपल्याबरोबर हिंडायला लावायचे. त्यांचा हिशेब सोपा होता: "लेथ बघणं म्हंजे सोयरिक बघणं. पहिल्याच घरात हो म्हणायचं न्हाई. चहा प्यायचा, पोहे खायचे, पोरीपेक्षा तिच्या आईला नीट बघायचं, आणि घरी येऊन चार दिवस गप्प बसायचं." यंत्राची आई कोण, असं मी एकदा विचारलं. "ज्यानं आजवर वापरलं तो! त्यानं हत्यारं कशी ठेवल्यात बघ, म्हंजे यंत्र कसं ठेवलं असंल ते कळतं."

आमची त्यांच्याशी ओळख झाली ती एका हत्तीमुळे. आमच्या ह्यांचं, परशुरामांचं, हुबळीत केशवापूरला सुतारकामाचं छोटं दुकान. ह्यांचं गाव जंगलपट्ट्यातल्या अळणावरजवळचं, त्यामुळे लाकडाची पारख रक्तातच. यंत्राची मात्र शून्य. भंगारवाल्याकडे ह्यांना लोखंड कातायचा एक जुना, अवाढव्य लेथ दिसला. भंगाराच्या भावात मिळतो म्हटल्यावर हे हुरळून गेले. अण्णांना नुसतं दाखवायला म्हणून नेलं आणि सांगितलं, "अण्णा, फुकटात हत्ती मिळालाय." अण्णांनी त्या दिवशी चहासुद्धा मागितला नाही. म्हणाले, "परशा, हत्ती फुकट मिळंल रं, ऊस कुठनं घालशील?" त्याला कारखान्याची वीज लागणार होती, आमच्या दुकानातला दिवा संध्याकाळी मिणमिणायचा. शिवाय तो लोखंडाच्या चालीनं, जडशीळ फिरायचा; लाकडाला तेवढा वेग पुरत नाही. आणि त्यात हत्यार पकडीत आवळून ठेवावं लागायचं. लाकडाला तर हातात धरलेलं हत्यार लागतं. तरी आमचे हे दोन दिवस भंगारवाल्याच्या दारावरून चकरा मारत होते. हत्तीची हौस अशी एकदम जात नाही.

त्यानंतर अण्णांनी आमच्यासाठी जो लेथ निवडला तो दिसायला अगदीच बसका होता. मला तर तो पाहून हसूच आलं. ह्यांना लांब हवा होता. अण्णा म्हणाले, "तुला देवळाचे खांब करायचे हायत का? पाळण्याचा खांब बसला म्हंजे झालं." त्याच्या चाकाला तीन पायऱ्या होत्या, पट्टा एका पायरीवरून दुसरीवर घातला की वेग बदलायचा. अण्णांनी बाकी कशाकडे न बघता सगळ्यात हळू वेग लावून घेतला आणि बराच वेळ तो फिरताना पाहिला. "पळायला काय, म्हशीपण पळतात," ते म्हणाले. "नवशिक्याला हळू चालणारं यंत्र पाहिजे. छलो ऐती, चांगला हाय, घ्या." भाव ठरल्यावर हे खिशातलं सगळं काढून द्यायला निघाले, तेव्हा अण्णांनी त्यांचा हात धरला. यंत्राला सगळे पैसे घालवलेस तर पटाशा कशानं घेशील, आणि त्यांना धार लावायला सहाणेचं चाक? सगळा पैसा नवरीच्या दागिन्यांवर घालून घरात तवा नाही असं होतं ते. त्यांनी विकणाऱ्याला घासाघीस करून आणखी खाली आणलं आणि उरलेल्यातून आम्हाला तीन चांगल्या पटाशा घ्यायला लावल्या.

लेथ आला ह्यांच्यासाठी, पण शिकले मी. ह्यांच्यात दम नव्हता. लाकूड गोल व्हायच्या आतच ते त्याला नक्षी काढायला जायचे. अण्णा दर रविवारी येऊन दुकानातल्या बाकावर बसायचे आणि तिथूनच मला शिकवायचे. हातात वर्तमानपत्राची सुरळी. "आधी टेकू, मग लाकूड," हा त्यांचा मंत्र. म्हणजे पटाशी आधी लाकडासमोरच्या लोखंडी पट्टीवर टेकवायची, आणि मगच फिरत्या लाकडाला लावायची. उलट केलंस तर लाकूड तुझ्या हातातनं हत्यार हिसकावून घेईल. पटाशीची पाठ लाकडाला घासू दे, मग मूठ हळूच वर कर, धार आपोआप लागते. इतकं नीट सांगायचे की मला वाटायचं, ह्या माणसाच्या घरी केवढा मोठा लेथ असेल! पहिलं लाटणं झालं तेव्हा ढलप्या माझ्या केसांत अडकल्या होत्या आणि अण्णा बाकावर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. ज्यांना ज्यांना अण्णांनी लेथ निवडून दिला ते सगळे त्यांना घरी बोलवायचे, पण आमचं दुकान सोडलं तर अण्णा बाकीच्यांकडे जायचे ते वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात, यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात आणि कामाला हात लावत नाहीत. अण्णा या घरून त्या घरी मानानं हिंडायचे, हळदकुंकू लावलेल्या लेथवरून हात फिरवायचे. कुणी म्हणालं, "अण्णा, एक लाकूड लावून दाखवा की," तर लगेच कानाला हात: "शिव शिव! आज यंत्राला सुट्टी." लोकांना त्यात त्यांची निष्ठा दिसायची. मलाही दिसायची.

एका रविवारी हे लाकूड आणायला अळणावरला गेले होते. दुकानात मी आणि अण्णाच. मला ताकाच्या रवीची मान काही जमेना. तिथं आलं की पटाशी अडकायची. मी सहज म्हणाले, "अण्णा, एकदा करून दाखवा, बघून येईल मला." अण्णा नाही म्हणाले, चष्मा आणला नाही म्हणाले, चष्मा तर नाकावर होता. शेवटी उठले. मी पटाशी हातात दिली आणि बघते तर त्यांनी ती टेकूवर न टेकवता थेट लाकडालाच लावली. खाडकन आवाज झाला, लाकूड उडून भिंतीवर आपटलं, पटाशी पायाशी पडली. लागलं कुणालाच नाही, पण अण्णांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पट्टा फिरतच होता. मी पुढे होऊन बटण बंद केलं.

"लाकूड पोकळ होतं," अण्णा म्हणाले.

मी ते उचललं. हळदूचं चांगलं भरीव लाकूड होतं. त्या क्षणी मला सगळं समजलं, खंडेनवमीसुद्धा. ह्या माणसानं आयुष्यात कधी पटाशी धरलेली नव्हती. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' म्हणून मोकळं होता आलं असतं, पण त्यांचं ब्रह्मज्ञान खरं होतं. माझे हात त्याच्यावरच तयार झाले होते. मला त्यांची कणव आली आणि त्याहून जास्त माया.

"होय हो अण्णा, पोकळच दिसतंय," मी म्हणाले आणि लाकूड चुलीकडे टाकलं.

अण्णा पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. जुन्या बाजारात विचारलं तर तिथंही नाहीत. ह्यांना वाटलं, आजारी असतील. मी त्यांना तसंच वाटू दिलं. मग एके दिवशी अण्णांची बायको एकटीच आमच्या दुकानात आली. अख्खी केलगेरी तिला अक्का म्हणायची, आणि ती कुणाचीच भीड ठेवायची नाही.

"काय झालं गं तुझ्या दुकानात?" तिनं बसायच्या आधीच विचारलं. "माणूस रविवारी भिंतीकडं तोंड करून निजतोय. लग्न झाल्यापास्नं मी ह्यांना रविवारचं घरात बघितलं न्हाई. मला सवय न्हाई त्याची."

मी झालं ते सांगितलं. अक्का आता बाकावर टेकली. मग म्हणाली, "लग्नात मला म्हणाले हुते, लेथ घ्यायचाय. आधी पोरीचं कॉलेज आलं, मग घराची कौलं आली, तवा पैसं न्हवतं. आता पैसं हायत. रिटायर होऊन वरीस झालं. तरी रोज एकेकात खोट काढत्यात. ह्यांना लेथ नको असं न्हाई गं. जोवर घेतला न्हाई तोवर हे सगळ्यात चांगले कातारी. घेतला की नवशिके. त्येची भीती वाटत्या."

अण्णा परत उभे राहणार होते की कायमचेच भिंतीकडे तोंड करून निजणार होते, एवढाच प्रश्न होता. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून एक नवशिका जन्माला घातला. अक्काच्या माहेरचा एक लांबचा भाऊ: उतारवयाचा, हातात कधी हत्यार न धरलेला, घर लहान, पेन्शन बेताची. त्याला लेथ पाहिजे. मी केलगेरीला जाऊन अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते आधी "ब्याड अव्वा, नको गं, आता माझ्यानं होत न्हाई" म्हणाले. मी उठायला लागले तसं त्यांनी विचारलं, "उंची किती हाय त्येची?"

"उंची कशाला?" मी म्हटलं.

"लेथचं टोक माणसाच्या कोपराएवढ्या उंचीवर यायला पाहिजे. खाली असलं तर कंबर जाती, वर असलं तर खांदा."

"तुमच्याएवढाच हाय," अक्का आतून म्हणाली.

"हात स्थिर हाय का?"

"तुमच्यासारखाच."

"धीट हाय?"

अक्का दारात येऊन उभी राहिली. "भित्रा हाय," ती म्हणाली. "पण मनानं चांगला हाय."

रविवारी मात्र अण्णा पांढरा शर्ट घालून बसस्टँडवर हजर.

त्या भित्र्या माणसासाठी अण्णांनी जेवढी पायपीट केली तेवढी आमच्यापैकी कुणासाठीच केली नव्हती. तोवर ऐंशीचं दशक लागलं होतं आणि धारवाडजवळच्या बेलूरच्या बाजूला नवी वर्कशॉपं उभी राहत होती. तिथं एका वेल्डिंगवाल्याच्या मागच्या अंगणात तो लेथ पडला होता. लोखंडी चॅनलचा पाया, त्याला शिलाई मशीनसारखं पायडल, आणि कडबा कापायच्या यंत्राचं जुनं जड चाक जोडलेलं. कुणा गिऱ्हाइकानं करून घेतला आणि विजेचाच बरा म्हणून टाकून गेला. "चा कुडीरी," म्हणत वेल्डिंगवाल्यानं आपणहून चहा पुढे केला. अण्णांनी तो सरळ पिऊन टाकला. पातं मात्र लावलं, आणि ते सरळ राहिलं. मग त्यांनी एका पायानं पायडल दाबलं. ते जड चाक सावकाश फिरायला लागलं, आवाज जवळजवळ नाहीच. पाय थांबवला, चाक मंदावत उभं राहिलं.

"हाच," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "अण्णा, विजेचा नको का? त्याला पाय मारत बसायला लागेल."

"अव्वा, भित्र्या माणसाला बटण नको. बटण दाबलं की यंत्र त्याचं ऐकत न्हाई. हे त्याच्या पायाचं ऐकतं. घाबरला, पाय थांबला. पाय थांबला, यंत्र थांबलं. शिवाय लाइट गेली तरी काम चालतंय, बायकोला आवाज न्हाई, आणि सगळ्यात स्वस्त." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि त्येला सांगा, सुरुवातीची लाकडं बिघडायचीच असतात. त्येच्यात लाज न्हाई."

ह्यांना, मला आणि अण्णांना घेऊन टेम्पो केलगेरीला थेट अण्णांच्याच पडवीशी थांबला. अक्का दारात, मी काय बोलायचं ते मनात घोकत होते. अण्णांनी टेम्पोतून उतरून आधी पडवीतली जागा पावलांनी मापली आणि ह्यांना म्हणाले, "परशा, खिडकी डावीकडं येईल असा लाव. उजेड डाव्या हातानं आला पाहिजे."

"माहीत होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"अगं, हिच्या माहेरचे सगळे ताडमाड हायत. माझ्याएवढा बुटका त्यांच्यात एकपण न्हाई," अण्णा म्हणाले. अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पहिल्याच दिवशी कळलं हुतं."

"मग बोलला का न्हाईत?" अक्कानं विचारलं.

"दुसऱ्यासाठी निवडताना मला भीती वाटत न्हाई," ते म्हणाले. "माझ्यासाठी बघायला लागलो असतो तर ह्याच्यातपण खोट काढली असती."

मग मी त्यांची गुरू झाले. असा विद्यार्थी कुणाच्या वाट्याला येऊ नये. सगळं तोंडपाठ आणि हातात काही नाही. पाय चालला की हात थांबायचा, हात चालला की पाय. मी "आधी टेकू" म्हणाले की चिडायचे, "मलाच काय सांगतीस!" आणि पुढच्याच क्षणी विसरायचे. पहिलं लाटणं मध्ये इतकं जाड झालं की अक्कानं त्यावर लाटलेली चपाती कडेला जाड आणि मध्ये कागदासारखी निघाली. अण्णांनी ती कौतुकानं खाल्ली. चांगले कातारी ते कधीच झाले नाहीत. पण जो माणूस दर रविवारी दुसऱ्यांच्या दारात उभा असायचा तो आता रोज सकाळी आपल्या पडवीत भुग्यात माखलेला दिसायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारून बिघडलेली लाकडं दाखवायचा. मी त्यांना इतकं सुखी कधीच पाहिलं नव्हतं.

लोक विचारायला येतच राहिले, कुठला लेथ घेऊ म्हणून. मला वाटलं होतं, अण्णांचा अडाणी हात बघून त्यांची पत जाईल. उलटंच झालं. अण्णा आलेल्या माणसाला पायडलसमोर उभं करायचे, एक लाकूड लावून द्यायचे आणि सांगायचे, "लेथ कुठला ते मागनं सांगतो. आधी हे वाया घालव." कुणी संध्याकाळपर्यंत हटायचा नाही, कुणी अर्ध्या तासात कंटाळून जायचा. कंटाळलेल्यांचे पैसे वाचायचे. उरलेल्यांना आपल्याला काय हवं ते लाकूड वाया घालवतानाच कळायचं. आजही कुणी मला विचारलं तर मी यापेक्षा शहाणपणाचं काही सांगू शकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला अण्णा गेले. फार त्रास न काढता, घरातच. शेवटच्या आठवड्यापर्यंत पडवीत उभे राहत होते. आम्ही दोघं जाऊन आलो, रडलो, आणि नंतर बरेच दिवस मला केलगेरीला जायचा धीर होईना. अक्का आता लेथ विकणार असेल, तिला चांगलं गिऱ्हाईक बघून द्यावं, असं मनाशी ठरवून शेवटी एका रविवारी गेले.

पडवीतून पायडलचा हलका आवाज येत होता. अक्का लेथपाशी उभी होती. लुगड्याचा ओचा खोचलेला, डोळ्यांवर अण्णांचा चष्मा, केसांत ढलप्या. समोर फिरत होतं ते लाकूड गोल नव्हतं, चौकोनीही राहिलं नव्हतं. तिनं मला बघितलं, पण पाय थांबवला नाही.

"अक्का," मी म्हटलं, "इतकी वर्षं घरात होता, कधी हात लावला नाहीस."

"दोन नवशिकी एका घरात? रोज भांडण झालं असतं," ती म्हणाली. तेवढ्यात पटाशी अडकली, लाकडाचा एक कोपरा तुटून उडाला. तिनं पाय थांबवला, लाकूड काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं.

"हे चुकायचे तवा मी हितं बसायची, उंबऱ्यावर," ती लाकूड टोकांत बसवत म्हणाली. "काय करायची न्हाई, नुसती बघायची. एकट्यानं चुकायला बरं वाटत न्हाई गं. बस जरा."

मी उंबऱ्यावर बसले.